गेटकडे खाली

मीनल, ये गं, अशी जवळ बस. बसलीस? आता आधी कान पकड. तुझ्या आईच्या तेराव्याला, कुलूप घातलेल्या घराच्या पायरीवर उभी राहून तू मला काय म्हणालीस, आठवतंय? "मावशी, भाड्याचं घर होतं, किल्ली देऊन टाकली. आता जयपूरमध्ये आईचं राहिलंय काय?" असं बोलतात का, बाळा? मी गप्प बसले, कारण तुझे डोळे सुजलेले होते आणि गाडी संध्याकाळची होती. नंतर फोनवर सांगायला जावं तर तू "हो मावशी, ठेवते मावशी" करतेस. म्हणून आता सरळ पेपरच्या पुरवणीतच लिहायला घेतलंय. चार लोक वाचतील, त्यांच्यासोबत तूही वाच. तुझी अक्षरओळख हिंदी शाळेतली, मराठी वाचताना अडशील. अडलीस की मोठ्यानं वाच, म्हणजे कळेल.

कुमुद गेल्याचा फोन सकाळी सातला आला. आदल्याच दिवशी ती माझ्याकडे थालीपीठ खाऊन गेली होती, आणि जाताना दारातून दटावून गेली होती, "वहिनी, नालीतली पानं काढून ठेवा हं, उन्हाळा संपत आला." लोक जाताना काय काय थोर बोलून जातात म्हणे... माझी मैत्रीण हे बोलून गेली. आठवलं की रडू यायला लागतं आणि मध्येच हसू येतं.

आता वाचणाऱ्यांना सांगायला हवं, ही कुमुद कोण. नवरा बँकेत, बदली होऊन जयपूरला आला आणि इथलाच झाला; आमचे हे विम्याच्या कचेरीत, तसेच आलेले. बनी पार्कात आमच्यामध्ये दोन गल्ल्या. ती कोकणातली. उतारावरच्या वाडीत वाढलेली, शिक्षण मॅट्रिक, पण पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार हे तिला जमिनीकडे बघून कळायचं. इथले शेजारी चेष्टा करायचे, "कुमुदजी, यहाँ बारिश होती ही कितनी है?" ती म्हणायची, "जितनी होती है, सब एक साथ आती है ना!" आणि खरंच, जयपूरचा पाऊस म्हणजे अकरा महिने पत्ता नाही, आणि आला की तासाभरात गल्लीची नदी. अशा वेळी सगळे दारं लावून भजी तळायला बसतात, आणि ही बाई साडी खोचून लोकांच्या अंगणात हजर! म्हणायची, "कोरडं अंगण खोटं बोलतं वहिनी, ओलं झालं की खरं सांगतं." कुणाच्या गच्चीचा पन्हाळ शेजाऱ्याच्या वाळवणावर पडतोय, कुणी हौसेनं केलेला गुलाबांचा ओटा पाण्याच्या वाटेतच बांधलाय... बघायची, आणि "हे दोन हात सरकवा" म्हणून मोकळी व्हायची. लष्करातल्या एका मेजरसाहेबांना तिनं त्यांच्याच बागेत फावडं हातात दिलं होतं. ते बिचारे "येस मॅडम" म्हणून खणायला लागले!

पण तुला सांगायची आहे ती आमच्या घराची गोष्ट. तू तेव्हा पुण्याला होस्टेलला होतीस, म्हणून तुला ठाऊक नाही. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही समोरचं मातीचं अंगण सिमेंटचं करून घेतलं. मी स्वतः उभी राहून मिस्त्रीला सांगितलं. आणि त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सगळं पाणी उलटं फिरून व्हरांड्यात, व्हरांड्यातून बैठकीत. दुसऱ्या वर्षी तेच. ह्यांची पुस्तकं भिजली, दिवाणाचे पाय फुगले. वर त्या मिस्त्रीनं गेटाजवळची दोन हात रुंद पट्टी सिमेंट न घालता तशीच मातीची सोडलेली. मी अख्ख्या कॉलनीत सांगत फिरले, मेल्यानं सिमेंट खाल्लं! शेवटी ह्यांनी एक दिवस जेवताना जाहीर केलं, "घर विकायचं. फ्लॅट घेऊ, तिसऱ्या मजल्यावर. तिथे येऊ दे म्हणावं पाणी." दलालही येऊन गेला. मीनल, मला घास गिळेना. मोगरा मी लावलेला, लिंबू मी लावलेलं, मुलांची लग्नं त्या दारातून झालेली... तिसऱ्या मजल्यावर मी काय कुंडीत बसणार होते का?

कुमुदला कळलं तशी ती आली. ह्यांना म्हणाली, "भाऊ, दलालाला आठ दिवस थांबवा. आणि मला तो मिस्त्री हवाय." मी म्हटलं, त्या चोराचं तोंड बघणार नाही. "तुम्ही नका बघू, मी बघते." बोलावलाच त्याला. रामस्वरूप त्याचं नाव, भला मोठा लाल फेटा, मान खाली. कुमुदनं आधी उताराचं विचारलं, "भैया, ढाल घर की तरफ क्यों दी? और ये गेट के पास जगह क्यों छोड़ी?" तो म्हणाला, "ढाल का तो किसी ने बोला ही नहीं जी, ज़मीन जैसी थी वैसी बना दी. और जगह तो माताजी ने छुड़वाई. तीन बार बोलीं, 'गेट की तरफ खाली रखना, भैया, गेट की तरफ खाली रखना.' तो हमने खाली रखी."

कुमुद माझ्याकडे बघते, मी कुमुदकडे... आणि मग ती अशी हसायला लागली, अशी हसायला लागली की त्या सिमेंटवरच बसली. अगं, मी सांगत होते की गेटकडे उतार दे, त्या बाजूला खाली असू दे. आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामी! तीस वर्षं जयपुरात काढून मी हे केलं. आणि गंमत म्हणजे, महिनाभर ज्यांच्या कपाळावरची आठी मोडली नव्हती, ते आमचे हे व्हरांड्यात खांबाला धरून हसत होते. "दोन वर्षं त्याला चोर म्हणतेस, आणि मतलब, चोर घरातच?" मी रामस्वरूपजींपुढे हात जोडले. चहा दिला, पोहे दिले. ते म्हणाले, "कोई बात नहीं माताजी. हम भी सोचते थे, पढ़े-लिखे लोग हैं, इतना-सा सीमेंट बचाकर क्या करेंगे!"

मला वाटलं, आता सगळं फोडायचं. ह्यांचा चेहरा परत उतरला, कारण तेवढ्या खर्चात फ्लॅटचा निर्णयच बरा. पण कुमुद त्या मातीच्या पट्टीपाशी जाऊन उभी राहिली होती. म्हणाली, "वहिनी, तुमच्या चुकीनं केवढं काम वाचवलंय! ही खाली आहे ना? मग हिलाच खाली करू." फरशी नाही फोडली. व्हरांड्याच्या पायाशी एक अरुंद नाली कापली, ती कुंपणाच्या भिंतीच्या कडेनं गेटापर्यंत नेली, आणि त्या पट्टीत कमरेइतका खोल खड्डा. खाली विटांचे तुकडे, मग खडी, वर जाड वाळू. शोषखड्डा म्हणतात त्याला. इथली जमीन रेताड, पाणी घटाघटा पिते. नालीला उतार बरोबर आहे का, हे तिनं पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं मोजलं. एक टोक तिच्या हातात घराशी, दुसरं माझ्या हातात गेटाशी. दोन्हीकडे पाणी एका पातळीला थांबतं, त्यावरून खोली मापायची. घराशी चार बोटं, गेटाशी हातभर. मी जरा बोलायला लागले की ओरडायची, "वहिनी, तोंड चालवा, हात हलवू नका!"

आणि मग पाऊस आला. दुपारचा, धो धो. ती भिजत आलीच. आम्ही तिघं व्हरांड्यात उभे. ह्यांनी पुस्तकं आधीच पलंगावर चढवून ठेवली होती, तेवढा विश्वास! पाणी अंगणभर पसरलं, नेहमीसारखं आमच्याकडे चालत आलं... पायरीशी आलं... आणि नालीत उतरलं. वळलं. भिंतीच्या कडेनं निघालं. आमचे हे पायजमा वर धरून त्याच्याबरोबर धावत गेटापर्यंत गेले. पासष्टीचा माणूस! "चाललं गं, चाललं!" शेजारचे खिडकीत आले. कुमुद मात्र अंगणाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आता जेवाल ना नीट?" त्याच संध्याकाळी ह्यांनी दलालाला फोन केला आणि घर बेचना नहीं है असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की फोनची गरजच नव्हती.

मागच्या आठवड्यात इथे पाऊस झाला. आम्ही दोघंच होतो व्हरांड्यात. पाणी पायरीशी आलं आणि वळून गेटाकडे गेलं. हे म्हणाले, "कुमुद वळवतेय बघ." मी पाणी संपेपर्यंत तिथंच उभी राहिले.

तर मीनल, किल्ली दिलीस ते घर घरमालकाचं होतं. हे आमचं घर आहे ना, हे तुझ्या आईनं राखलंय. गेटाच्या उजव्या हाताला तिनं स्वतः लावलेली कर्दळ आता तुझ्या डोक्यावर जाईल. दिवाळीत येईन वगैरे सांगू नकोस, तेव्हा सगळं कोरडं असतं, काही दिसायचं नाही. श्रावणात ये. चार दिवसांची रजा काढ, आणि तिकीट झालं की लगेच कळव, हे स्टेशनवर येतील.