अडचण एका वाक्यात

माझ्या साडूंना कुणी स्वर्गाच्या दारात नेऊन उभं केलं असतं, तरी आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी द्वारपालाला विचारलं असतं, "तुमची नेमकी अडचण काय हाय?" या एका प्रश्नापायी त्यांनी अख्ख्या उदगीरला पिडलं. मेहुणी एकदा म्हणाली, स्वयंपाकघरात धूर कोंडतो, नवी खिडकी पाडू या. झालं, हे स्टूल टाकून चुलीपाशी बसले, डोळे लाल करून घेतले आणि म्हणाले, "खिडकी हायेच की. तिच्यापुढं तुमी लोणच्याच्या बरण्या रचून ठेवल्यात." बरण्या हलल्या, धूर गेला, मेहुणीचा अबोला मात्र चांगला टिकला. मी नवा चष्मा करायला निघालो, तर माझ्या नाकावरचा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत बसवला. मला लख्ख दिसू लागलं, हे मी बरेच दिवस कबूल केलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा काय उत्साह होता सगळ्यांना! नव्या पाट्या, नवे शिक्के, आणि त्यातच दुष्काळ. साडू तहसिलीत पाण्याचं काम बघत. आमच्या गल्लीमागच्या वस्तीत टँकरवर रोज भांडणं होत, म्हणून ती व्यवस्थाच नव्यानं बसवायचा हुकूम आला. बैठकीत जो तो उसळला. कुणाला रंगीत टोकन हवं, कुणाला पोलीस, कुणाला मोठा टँकर.

"आधी अडचण एका वाक्यात सांगा," साडू म्हणाले.

"पाणी कमी पडून राहिलंय, आणखी काय?" तहसीलदार साहेब वैतागले.

साडू तिथून उठले ते थेट आमच्या घरातली घागर घेऊन रांगेत. इस्त्रीची पँट, डोक्यावर चुंबळ. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. टँकर कधी सकाळी येई, कधी भर दुपारी. उद्या येतो न येतो या धास्तीनं घरी असलेले लोक परातीसुद्धा भरून घेत. आणि कौसाबाईसारख्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बाया दिवेलागणीला परतत, तेव्हा उरलेला असे नुसता चिखल. तिच्या लेकराला ताप होता, आणि गोळी गिळायला घरात घोटभर पाणी नव्हतं.

"पानी येतंय म्हनं, साहेब," ती म्हणाली. "आमी कंदी बघितलं न्हाई."

साडू धावतच माझ्याकडे आले. "गावली अडचण! पानी कवा येतंय तेच कुनाला ठावं न्हाई."

मग टँकर रोज दिवेलागणीलाच येऊ लागला, आणि त्याआधी शाळेची घंटा वाजू लागली. पहिल्या संध्याकाळी ती घंटा ऐकून खडीच्या धुळीनं माखलेल्या बाया धावत आल्या. टँकर तोच, पाणी तेवढंच, आणि कौसाबाईची घागर काठोकाठ भरलेली. परातीही हळूहळू घरातच राहू लागल्या.

पुढं दुष्काळ सरला, टँकर गेला, संध्याकाळची घंटा तेवढी सवयीनं वाजत राहिली, आणि साडू म्हातारे झाले. कानांनी दगा दिला आणि त्यांनी अंथरूण धरलं. जेवणही सुटलं. आम्ही सगळे उपाय सुचवत होतो, नांदेडला न्या, डॉक्टर बदला. एके दिवशी कौसाबाई आली. तिनं काहीच सुचवलं नाही. कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, "साहेब, अडचण काय हाय?"

त्यांनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "सांजची घंटी ऐकू येत न्हाई गं आता."

तेव्हापासून ते जाईपर्यंत रोज दिवेलागणीला ती येई, त्यांच्या कानाशी वाके आणि एवढंच सांगे, "साहेब, पानी आलं." मग ते ताट मागत.