कडक कापा, मऊ टाका

डॉक्टर माणूस लग्नाला गेला की लोक पंगतीत बसल्या बसल्या त्याला जीभ काढून दाखवतात. माझं तसंच आहे, फक्त मला चीज दाखवतात. हा माणूस कधीकाळी चीजच्या कारखान्यात होता एवढं कळायचा अवकाश, यजमानीणबाई फ्रिजमधून कागदात गुंडाळलेला तुकडा घेऊन येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "थोडीशीच बुरशी आलीय. चालेल का हो?" मी तुकडा बघतो, निकाल देतो आणि वर एक किस्सा सांगतो. निकाल लोक विसरतात, किस्सा लक्षात ठेवतात. मग पुढच्या वेळी त्याच घरी नवा किस्सा लागतो. पण सगळे आहेत तिथल्या पहिल्या सहा महिन्यांतलेच.

कारखाना म्हणजे पिरंगुटच्या पुढे, भरे गावात, पत्र्याची एक शेड. साल दोन हजार सहा. मालक सबनीससर. आयुष्यभर पुण्यात मशिनरी डिझाइन केली आणि साठीला टेकल्यावर चीज करायचं मनात घेतलं. हाताखाली दोनच माणसं. एक भऱ्याच्याच पारूबाई, पन्नाशीच्या. धुणं-पुसणं, दूध तापवणं, चीज रोज उलटून ठेवणं, सगळं त्यांच्याकडे. दुसरा मी, डेअरीचा डिप्लोमा घेऊन लातूरहून आलेला. माझं पद 'क्वालिटी'. काम एकच, माल खायचा की टाकायचा ते सांगायचं.

पहिल्याच दिवशी सरांनी अट घातली. सहा महिने बघू. 'टाका' म्हणालास आणि माल चांगला निघाला, तर घरी. 'खा' म्हणालास आणि कुणाचं पोट बिघडलं, तरी घरी. बायको आणि मुलगी लातूरलाच होत्या. मी कायम झालो तरच जूनमध्ये मुलीचा शाळेचा दाखला काढून दोघींना पिरंगुटला आणायचं, असं ठरलं होतं. मुलगी दर रविवारी फोनवर विचारायची, "बाबा, तुम्ही पास झाला का?"

मला मात्र स्वतःबद्दल काडीची शंका नव्हती. नियम तोंडपाठ होते. कडक चीजवर बुरशी आली तर तिच्या सगळ्या बाजूंनी आणि खाली बोटाचं पेरभर सोडून कापायचं, सुरी बुरशीला लागू द्यायची नाही, उरलेलं खायचं. मऊ चीज असेल तर सगळंच टाकायचं, कारण मऊ वस्तूत ती आत कुठवर गेलीय ते दिसत नाही. कडक कापा, मऊ टाका. संपलं.

* * *

संपलं कसलं! दुसऱ्याच आठवड्यात पहिला दणका बसला.

सरांनी एक मऊ चीज केलं होतं, ज्याच्यावर पांढरी मखमली बुरशी मुद्दाम वाढवतात. दहा दिवसांनी ती छान धरली. सर खूश होऊन घरी गेले. सकाळी येऊन बघतो तर फळीवर सगळी चीजं गुळगुळीत, अंघोळ करून बसलेली. शेजारी पारूबाई मिठाचं पाणी आणि फडकं घेऊन उभ्या.

"समद्याला बुरा आल्ता, भाऊ. येकयेक घासून काढला. कंबर मोडली माझी."

बुरा म्हणजे बुरशी. लोणच्याला येतो तो, भाकरीला येतो तो. मी त्यांना सांगायलाच विसरलो होतो की इथे बुरा हाच माल आहे. सर आले. बराच वेळ फळीकडे बघत राहिले. चूक माझी आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, हा निकाल नव्हता म्हणून वाचलास.

पारूबाईंना मी समजावलं की ही बुरशी आपण आणून पेरलेली आहे, हिने काही होत नाही. त्यांनी सरळ विचारलं, "मग माज्या भाकरीवरच्या बुऱ्यानं काय घोडं मारलंय?" मी म्हणालो, ही पाहुणी आपण बोलावलेली आहे, तुमच्या भाकरीवरची न बोलावता आलेली. हे त्यांना एकदम पटलं. त्या दिवसापासून शेडमध्ये बुरशीच्या दोनच जाती उरल्या, 'बोलवल्याला बुरा' आणि 'आपसूक आल्याला बुरा'. माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात हेच समजवायला अख्खं प्रकरण होतं.

* * *

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे धरणाच्या काठावरचं एक रिसॉर्ट. तिथले रावतशेफ उत्तरेकडच्या पहाडातले, बोलणं सगळं हिंदीत. त्यांनी निळ्या शिरांचं चीज मागवलं होतं. त्यात निळी बुरशी आतपर्यंत पसरावी लागते. जितकी पसरेल तितका माल उत्तम.

पाठवायच्या आदल्या दिवशी शेफचा फोन आला. सर बाहेर, मी दुधाच्या टाकीपाशी. फोन पारूबाईंनी घेतला. शेफनी विचारलं, नीलावाला कैसा है?

पारूबाईंनी अभिमानानं सांगितलं, "बुरा हाय, सायेब. लई बुरा हाय. पार आतपरेंत बुरा हाय."

शेफनी ऑर्डर रद्द केली.

मला हे संध्याकाळी कळलं. माल नाकारला गेला तो क्वालिटीच्या नावावर, आणि क्वालिटी म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी सकाळी चीज पिशवीत घालून एसटीने रिसॉर्टवर गेलो, शेफसमोर कापलं आणि मराठीतला बुरा म्हणजे काय ते सांगितलं. ते ओट्याला धरून हसले. ऑर्डर परत मिळाली, आणि पुढे प्रत्येक फोनला त्यांची एकच फर्माईश असायची, "सबसे बुरा वाला भेजना."

* * *

माझा मावसभाऊ विनय त्या वेळी हिंजवडीत कंपनीत होता. जांब्याला तिघा मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहायचा. एका रविवारी शेडवर त्याचा फोन आला. दुकानातून मऊ स्प्रेडचं चीज आणलं होतं, डब्यात हिरवा ठिपका दिसतोय, काय करायचं?

मी म्हणालो, कडक कापा, मऊ टाका. फोन ठेवला.

तासाभराने पुन्हा फोन. आम्ही खाल्लं, म्हणाला. मी ओरडलोच, अरे, मऊ होतं ना?

"होतं. पण आम्ही ते फ्रीझरमध्ये टाकलं. दादा, आता एकदम कडक आहे. तुझ्या लॉजिकने कापलं आणि खाल्लं."

चार इंजिनिअर! चौघांनी मिळून विचार केला होता आणि चौघांचंही एकमत झालं होतं. त्या रात्री मला झोप नाही. सुदैवाने चौघांनाही काही झालं नाही, पण विनयला अजून वाटतं की तो त्याच्या लॉजिकमुळे वाचला.

* * *

पौडला गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. आमच्याकडून अधूनमधून कडक चीजचा तुकडा न्यायच्या. त्यावर बुरशी आली. मी सांगितलेला नियम त्यांनी वहीत लिहून ठेवला होता, पेरभर म्हणजे एक इंच असं मोजमाप काढून. पट्टी घेऊन बसल्या. तुकडा होता दीड इंचाचा, आणि बुरशी दोन बाजूंनी.

त्यांचा फोन आला की सूत्रात चूक आहे, कापत गेलं तर तुकडाच शिल्लक राहत नाही.

मी म्हणालो, "बाई, सूत्र बरोबर आहे. उत्तर शून्य आलंय."

फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "असं होय. मग बरोबर." आणि शांतपणे टाकून दिलं.

* * *

एवढं सगळं पटवणारा मी स्वतः कसा होतो, तेही सांगायला हवं. मे महिना. मी खोलीवर एकटा, जेवण म्हणजे पिरंगुटच्या बेकरीतला पाव आणि शेंगदाण्याची चटणी. दुपारी शेडमध्ये डबा उघडला तर पावाच्या कडेला हिरवट ठिपका. भूक लागलेली. मी तेवढा भाग चिमटीने उपटला आणि पाव तोंडाकडे नेला.

समोर बसलेल्या पारूबाईंनी घास मोडता मोडता विचारलं, "भाऊ, त्यो पाव कडक हाय का मऊ?"

मी पाव टाकला. त्यांनी आपली अर्धी भाकरी आणि पिठलं माझ्या डब्याच्या झाकणात वाढलं. आजही सांगतो, त्या सहा महिन्यांत माझी परीक्षा जर कुणी घेतली असेल तर ती पारूबाईंनी. फार आधार वाटायचा त्या बाईचा.

* * *

आणि मग सहा महिने पूर्ण व्हायचा दिवस आला.

सरांनी शेड सुरू केल्यावर स्वतःच्या हाताने पहिलं कडक चीज केलं होतं. जात्याच्या तळीएवढं गोल. दीड वर्ष ते थंड खोलीत वरच्या फळीवर होतं. त्याला पारूबाईंनाही हात लावायची परवानगी नव्हती. सर रोज स्वतः उलटायचे, कपड्याने पुसायचे, कधीकधी त्याच्याशी बोलायचेसुद्धा. ते आज कापायचं ठरलं. शेफना पाहुणे म्हणून बोलावलं होतं, ते दुपारी यायचे होते.

सरांनी ते टेबलावर ठेवलं आणि सुरी माझ्या हातात दिली. वर थोडी बुरशी होती, पण कडक चीजवर ती असतेच. मी पेरभर काढली. खाली काळं. सुरी बदलली, आणखी पेरभर काढलं. खालीही काळंच. सालीला कुठेतरी बारीक चीर गेली होती आणि तिच्यातून काळी बुरशी पार पोटापर्यंत उतरली होती. मी मधोमध दोन भाग केले. दोन्हींत तेच.

सर माझ्याकडे बघत होते. मला लातूरचं घर डोळ्यांपुढे दिसायला लागलं. खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो. पण तोंडातून दुसरा शब्द येईना.

"सर, टाका."

"कडक आहे ते," सर म्हणाले. "कडक कापायचं असतं. तुझाच नियम आहे."

स्वच्छ भाग लागेपर्यंत कापायचं असतं, मी म्हणालो, आणि इथे तो कुठेच नाही. सरांनी पारूबाईंकडे पाहिलं. त्या पदर सावरून टेबलापाशी आल्या, वाकून बघितलं.

"सायेब, ह्यो आपसूक आल्याला हाय."

सरांनी माझ्या हातातली सुरी घेतली, कडेचा चांगला मोठा तुकडा कापला आणि आमच्यासमोर उभ्या उभ्या खाल्ला. सावकाश चावून. मग आणखी एक खाल्ला. "उत्तम झालंय," म्हणाले. "गजानन, तू घाबरट आहेस. उद्या बोलू." शेफना फोन करून येऊ नका म्हणाले, कारण सांगितलं नाही, आणि गाडी काढून निघून गेले.

मी संध्याकाळी बूथवरून बायकोला फोन केला. म्हटलं, दाखला इतक्यात काढू नकोस.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले, सर आले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, जे ऐकायचंय ते तोंडावर ऐकून येऊ. पिरंगुटला त्यांच्या घरी गेलो. सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, दार उघडलं. चेहरा जागरणाने उतरलेला. म्हणाल्या, रात्रीपासून यांचं आत-बाहेर चाललंय, काय खाल्लं ते काही केल्या सांगत नाहीत, तुला माहितीय का रे?

तेवढ्यात संडासाच्या बंद दाराआडून सरांचा बारीक आवाज आला, "कोण आलंय?"

"तुमचा गजानन आलाय," काकू म्हणाल्या.

आत बादलीत पाणी पडल्याचा आवाज झाला. मग सर म्हणाले,

"गजानन, आजपासून तू कायम. आणि हिला काही सांगू नकोस."