अप्पांची ‘गेट’ची वही

“सोळावं वाक्य सांगा,” मुहतमिमसाहेब म्हणाले. माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मधूनच पाढा म्हणायची सवय कोणाला असते?

मुहतमिम म्हणजे जिल्ह्यातल्या शाळा तपासणारे साहेब. निजामाचं राज्य होतं, शिक्षण उर्दूतून. इंग्रजी शब्दाचा अर्थ आम्ही उर्दूत सांगायचो, पोरं मनातल्या मनात त्याची मराठी करून घ्यायची.

परभणीच्या त्या शाळेत मी सहा वर्षं इंग्रजी शिकवत होतो. मॅट्रिकचा वर्ग आता मलाच, असं धरून चाललो होतो. तेवढ्यात ताडकळसचे विश्वनाथअप्पा आले. त्यांच्या वर्गातून पोरांचं हसू ऐकू यायचं. माझ्या वर्गातून फक्त मी. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू.

गेट म्हणजे मिळणं, एवढं सांगून मी फळा पुसायचो. अप्पांची पोरं बाकावरून उठायची, गेट अप. खाली उतरायची, गेट डाऊन. लटकंच रागवायची, गेट अँग्री. कंबर वाकवून म्हातारी व्हायची, गेट ओल्ड. एका क्रियापदाची तीस कामं, आणि त्यांची तीस वाक्यं अप्पांच्या वहीत.

मॅट्रिकचा वर्ग कोणाला, हे तपासणीनंतर ठरणार होतं. एका गुरुवारी अप्पा गावी गेले आणि वही टेबलाच्या खणात राहिली. शुक्रवारच्या आठवडी सुट्टीत मी ती अख्खी उतरवून काढली. पोरांना बाकावर नाचवणं मला जमणारं नव्हतं. मी घोकून घेतलं, तेही क्रमाने.

तर पोरं सोळाव्याला पोचली. खड्या आवाजात म्हणाली, “ताडकळसला पोचायला उशीर झाला की माझी बायको रागावते.” इंग्रजीत, एकही चूक न करता.

साहेबांनी चष्मा काढला. “मास्टरसाहब, शादी कब हुई?”

माझं लग्न जुळत नव्हतं, हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक होतं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

“हुई नहीं, साहब.”

“तो ये बीवी किसकी है?”

दोन वर्गांमध्ये नुसता बांबूचा तट्ट्या होता, सगळं पलीकडे ऐकू जायचं. पलीकडून अप्पा दारात आले. “साहब, बीवी मेरी है. वाक्यं ह्या मास्तरांनी आणि मी बसून केली.”

साहेब हसले, शेरा लिहिला आणि मॅट्रिकचा वर्ग अप्पांना दिला.

संध्याकाळी अप्पा म्हणाले, “मास्तर, मागितली असती तर वही दिली असती की. वर शिकवायचं कसं तेबी दाखवलं असतं. मनाला लावून घेऊ नका.”

वर्ग गेल्याचं दुःख महिनाभरात ओसरलं. पण त्या माणसाला माझा राग आला नाही, याचा हेवा मला आजही वाटतो. नव्या मास्तरांना मी एवढंच सांगतो, दुसऱ्याची वही उतरवायचीच असेल तर आधी ती वाचावी.