फोटोवाल्याला न सांगितलेलं

बहिणीच्या लग्नाचा फोटोग्राफर मी ठरवला. हॉल बाबांनी पाहिला, जेवणाचं आईनं बघितलं, माझ्या वाट्याला हे एवढं एकच काम आलं होतं आणि त्याची मी माती केली.

आमचं घर नंदनवन नावाच्या वस्तीत. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले आणि तरुणपणापासून बौद्धाचार्य, म्हणजे आमच्या समाजातली लग्नं लावणारे. चाळीस वर्षं त्यांचे रविवार पांढरा शर्ट घालून कुणाच्या ना कुणाच्या मांडवात गेले. वस्तीतल्या प्रत्येक अल्बममध्ये ते आहेत, पण कुठे अर्धा खांदा, कुठे माईक धरलेला नुसता हात. फोटो नवरानवरीचा काढतात, लग्न लावणाऱ्याचा कोण काढतो? बहिणीचं मौद्याच्या मुलाशी ठरलं आणि ती म्हणाली, "बाबा, माझं लग्न तुम्हीच लावायचं." त्या संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मले एकच फोटो पाह्यजे गा," ते म्हणाले. "ते दोघं समोर उभे आहेत अन् मी त्याइले पंचशील देऊन राहिलो, असा. पायापासून डोक्यापर्यंत, पूर्ण. सांगजो फोटोवाल्याले."

बाबांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

आता चौकातले फोटोवाले काका होतेच. आमची सगळी लग्नं त्यांनीच काढलेली. त्यांना काही सांगावंच लागलं नसतं. आमचं लग्न अर्ध्या तासात आटोपतं. वंदना, पंचशील, प्रतिज्ञा, हार, फुलं. कधी कुठे उभं राहायचं हे काकांना झोपेतही कळलं असतं. पण काकांच्या अल्बममध्ये नवरानवरीभोवती बदामाची चौकट यायची आणि कोपऱ्यात गुलाब उमलायचे. लग्नाला माझ्या ऑफिसातले लोक येणार होते. मला लाज वाटली. काकांना पत्रिका द्यायला गेलो आणि मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "काका, या वेळी कॅमेरा घरीच ठेवा. पाहुणे म्हणून या." त्यांनी पत्रिका नीट वाचली आणि "बरं गा" म्हणाले.

मी गेलो धरमपेठेतल्या एका महागड्या स्टुडिओत. काचेचा दरवाजा, कॉफी, भिंतभर पडदा. पडद्यावर एक नवरी इतक्या सुंदर रीतीनं रडत होती की तिथेच माझं ठरलं. मालक माझ्याहून लहान, बोलायला गोड. त्यानं वही उघडली.

"सर, रस्में बता दीजिए. हल्दी, संगीत, फेरे, बिदाई?"

एका वाक्याचं काम होतं. आम्ही बौद्ध, आमचं लग्न असं असं असतं, आणि वडिलांचा हा एक फोटो हवा. वस्तीतल्या कार्यक्रमांत मी याच अभिमानावर भाषणं ठोकतो, लोक टाळ्या वाजवतात. त्या थंडगार खोलीत मात्र मी कॉफीचा घोट घेतला. "सिंपल शादी है," मी म्हणालो. "ज्यादा रस्में नहीं हैं." त्यानं पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितली. पत्रिकेवर बुद्धाचं चित्र होतं. मी फक्त तारीख आणि हॉलचं लोकेशन पाठवलं. बाबांच्या फोटोचं लग्नाच्या दिवशी सांगू, असं स्वतःला समजावलं.

त्या दिवशी मालकासोबत तिघं आले, काळे टी-शर्ट घालून. बहीण पांढऱ्या साडीत होती. त्यांना वाटलं, हा सकाळचा पोशाख, लेहंगा नंतर येईल. एकानं विचारलं, "सर, मेन रस्म कब है?" तेवढ्यात ऑफिसचे साहेब दारात दिसले. "टाइम है," म्हणून मी पळालो. त्याआधी मी आणखी एक शहाणपणा केला होता. माईकवरून सांगितलं होतं की कृपया मोबाईल खिशात ठेवा, फोटोग्राफरच्या मध्ये येऊ नका. आमची माणसं शिस्तीची, त्यांनी ऐकलं.

साहेबांना सरबत देत होतो तेव्हा आतून बाबांचा आवाज आला. ते पंचशील देत होते. मी आत डोकावलो तर स्टेजसमोर एकही कॅमेरा नाही. धावत लॉनवर गेलो. तिथे नवरदेवाच्या मित्रांना गॉगल घालून एका रांगेत चालायला लावणं सुरू होतं आणि डोक्यावर ड्रोन भणभणत होता. फोटोवाल्यांना घेऊन परत आलो तोवर फुलं पडून गेली होती आणि लोक जेवणाकडे वळले होते.

मालक बाबांजवळ गेला. "अंकलजी, एक बार फिर से कर लेते हैं. सिर्फ पोज दे दीजिए."

"प्रतिज्ञा घेऊन झाली, बापू," बाबा म्हणाले. "लगन एकदाच लागते."

मग तो माझ्याकडे वळला आणि बाबांच्या देखत म्हणाला, "सर, बता देते ना. बौद्ध शादियां तो हम हर सीजन में करते हैं. उसके लिए अलग टीम है हमारी."

म्हणजे लाजण्याचं कारणच नव्हतं. जे होतं ते फक्त माझ्या डोक्यात होतं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली बसून माईकची वायर गुंडाळू लागले.

स्टेजच्या डाव्या बाजूला काका उभे होते. दर लग्नात जिथे उभे राहायचे, तिथेच. हात मागे बांधलेले.

"काका, मोबाईलवर तरी..."

"तूच म्हनला होता ना गा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

अल्बम मखमली पेटीत आला. बहिणीच्या सँडललाच दोन पानं आहेत. बाबा शेवटून तिसऱ्या पानावर सापडतात, जेवणाच्या रांगेत, हातात ताट, तोंडात घास. पायापासून डोक्यापर्यंत, पूर्ण.

घरी कोणी आलं की आई अल्बम काढते. पानं उलटून झाली की पाहुणा हमखास विचारतो, "अन् तुमचा लगन लावतानीचा फोटो काहून नाही जी?" मी काही बोलायच्या आत बाबा उत्तर देतात. "पोरानं बजावून सांगितलं होतं त्याइले. थेच लोक वेळेवर नाही आले."

खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. चाळीस वर्षं बाबांनी ते लोकांकडून वदवून घेतलं. आता माझ्यासाठी दर पाहुण्यापुढे ते मोडतात, आणि मी तिथेच बसून चहा पितो.