मामंजींच्या ताटातलं मीठ

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासऱ्यांचं किडनीचं दुखणं निघालं. लग्न होऊन मला दीडच वर्ष झालं होतं. नगरच्या डॉक्टरांनी औषधाआधी जेवणाचंच सांगितलं. मीठ बंद, लोणचं-पापड नको, डाळही बेतानं. घरात सासू नव्हती, चूल माझ्याकडे, म्हणून त्यांनी मला समोर उभं करून दोनदा बजावलं. मी मान डोलावली. तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पंधरा दिवस मी नेमानं अळणी रांधलं. मामंजी घास तोंडात घोळवत बसायचे आणि अर्धं ताट बाजूला सारायचे. बोलायचे काही नाहीत. बोलल्या त्या गावातल्या बाया. टँकरच्या रांगेत माझ्यामागं दोघी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "सासऱ्याला अळणी घालती म्हनं. ताटात मिठाचा खडा न्हाई." आमच्याकडे डाव्या बाजूला मीठ वाढल्याशिवाय ताट पुरं होत नाही. ते विसरलं तर सुनेचं माहेर निघतं. मला ते बोलणं फार लागलं. माझा स्वभावच तसा, आजारापेक्षा अब्रू आधी बघणारा.

त्याच दुपारी मी आमटीत चिमूटभर टाकलं. मग ताटात मीठही वाढलं, वर शेंगदाण्याची चटणी. मामंजींनी ताट चाटूनपुसून साफ केलं. "पोरी, आज जेवलो बघ," म्हणाले. त्या घरात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. दुसऱ्या दिवशी न वाढणं मग जमेना. नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून हे रानात गेले की मी मामंजींचं ताट करायचे.

महिन्याभरात त्यांचा चेहरा भरला, गाल वर आले. सगळ्या गावाची हाडं दिसत असताना आमचे मामंजी तेवढे गुटगुटीत. त्याच बाया म्हणाल्या, "मामा लई भरलं की! सुनेच्या हाताला गुन हाय." मी फुशारले. सांगायला लाज वाटते, पण मी चटणी आणखी वाढू लागले.

पुन्हा नगरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला.

"हे अंग भरलेलं नाही, पाणी साठलंय," डॉक्टर म्हणाले. "मीठ कोण देतंय यांना?"

हे माझ्याकडे वळले. तेवढ्यात मामंजी म्हणाले, "तिला काय इचारता? मीच चोरून खात हुतो."

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. एसटीत ह्यांनी बापाला लहान पोरासारखं झापलं. मामंजी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर ते मुकाट्यानं अळणी जेवले, पण सूज पुरती कधी उतरली नाही. एकदा घरात कुणी नसताना मी त्यांच्या पाया पडून रडले, तर म्हणाले, "गप. तुला नांदायचं हाय हितं."

सहा-सात महिन्यांनी ते गेले. तेराव्याला पंगत बसली आणि हे भावकीला सांगू लागले, "जिभेपायी गेला माझा बाप. किती सांगितलं, ऐकतच न्हवता." माणसं हळहळली. मी भात वाढत होते. पातेलं खाली ठेवावं आणि खरं काय ते सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. मग मी पुढच्या पत्रावळीवर भात वाढला.