मीच लावलेली बोगनवेल

"मोर हो," वकीलसाहेब म्हणले.

झालो. बायको, सुबद्रा, बाजूला उभी होती, तरी झालो. सुट्टीचा दिवस होता, तरी झालो. वॉचमनच्या खोलीतला झाडू घेतला, मागं कमरेत खोचला, मान हलवत नाचलो आणि शेवटी धाडकन पडलो. पडल्याबिगर त्यांना मजा येत नाही. सदरा पाठीवर फाटला. सुबद्रानं तो घडी करून गादीखाली दाबून ठेवला होता, इस्त्री केल्यासारखा दिसावा म्हणून.

सगळे हसले. ते हसायलाच येतात. हास्य क्लब म्हणतात त्याला. सकाळी बागेत गोल करून उभे राहतात, हात वर करतात आणि उगाच हसतात. तब्येतीला चांगलं असतं म्हणे. पण उगाच हसू किती यायचं? म्हणून मला धरलं. मी तिथला माळी. नाव कुणी विचारलं नाही, जोकर म्हणतात. मलापण बरं वाटायचं. बाप देगलूरकडून पोट भरायला हैदराबादला आला, त्याला कुणी शिवीबिगर हाक मारली नव्हती. मला तर जोकर म्हणायलेत, तेपण मराठीत. वकीलसाहेब काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरातले. आपला माणूस, असं मी बस्तीत सांगत फिरायचो. किती येडा असावं माणसानं, त्याला काही हद्द?

त्या दिवशी मोर व्हायला गेलोच नव्हतो. काम होतं.

सुबद्राला शुगर निघाली. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणली, रोज चाला, जोरात चाला, नाहीतर पाय जाईल. कुठं चालावं? आमच्या गल्लीत पाण्याचे ड्रम, स्कूटरी, बकऱ्या, मधून उघडी नाली. ती घरातच चालायची. चुलीपासून दारापर्यंत. वळली की चक्कर. पायाच्या अंगठ्याची जखम भरंना झाली होती.

आणि घराच्या मागं, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, रस्ता आहे. चालायचा. लाल, गुळगुळीत. शहरातल्या बागा एकमेकींना जोडायच्या म्हणून नाल्याच्या कडंनं तो काढला. एका बागेतून निघायचं, झाडाखालून चालत दुसऱ्या बागेत, तिथून तलावावर. काम सुरू झालं तेव्हा एका इंजिनेर मॅडमनं आम्हा माळ्यांना समजावलं होतं. झाडं तुटक तुटक पडलीत, फुलपाखराला इकडून तिकडं जाता येत नाही, माणूसपण निसर्गापासून तुटलाय, सगळ्यांना जोडायचं. मला लई आवडलं. घरी येऊन सुबद्राला सांगितलं, आता फुलपाखरालापण रस्ता भेटणार.

भेटला. आम्हाला जाळी भेटली.

जाळीत आमच्या बस्तीकडं एक फाटक आहे. नकाशात होतं म्हणून बसवलं, बागेच्या कमिटीनं कुलूप घातलं. वर आम्हाला सांगितलं, जाळीवर बोगनवेल चढवा, तिकडचं दिसायला नको. ती मी लावली. खत घातलं, पाणी घातलं. बस्तीत नळाला पाणी नव्हतं त्या दिवशीपण तिला पाइपनं पाणी घातलं. काय फुटली. गुलाबी, गच्च, बोटाएवढे काटे. साहेब म्हणले, तुझी वेल सगळ्यात दाट. मी छाती काढून घरी आलो. सुबद्राला म्हणलं, "आता बागेतून आपलं घर दिसतपण नाही."

ती म्हणली, "वा."

एवढंच.

जळायला लागलो ते शुगर निघाल्यावर. आधी मॅडम लोकांच्या बुटावर जळलो. मग त्यांच्या गुडघ्यांवर. मग वकीलसाहेबांच्या कुत्र्यावर. त्यालापण शुगर आहे. खोटं नाही, साहेबांनीच सांगितलं. त्याचा नोकर त्याला रोज या बागेतून तलावापर्यंत चालवतो आणि परत आणतो. कुत्रं पुढं, पट्टा मागं. माझ्या घरामागून जातं. वेलीआडून त्याच्या नखांचा आवाज यायचा, टिक टिक टिक, आणि आत सुबद्रा चुलीपासून दारापर्यंत. फुलपाखरावरपण जळलो मी. एवढंसं ते, फाटकावरून आरामात जातंय.

म्हणून त्या दिवशी तिला घेऊन मोठ्या गेटानं गेलो. सडकेनं लांबचा फेरा. तिला रोज तेवढी सडक झेपणार नव्हती, म्हणूनच विचारायचं होतं. वॉचमन यादगिरी म्हणला, "क्या रे, छुट्टी के दिन अंदर काइकू?" मी म्हणलं, साहेबांना भेटायचंय. साहेब म्हणले, मोर हो.

मोर झाल्यावर, फाटक्या सदऱ्यात, विचारलं. "साहेब, हिला शुगर आहे. मागचं फाटक सकाळी तासभर उघडा म्हणा कमिटीत."

साहेब हसतच होते. म्हणले, "अरे, ते उघडलं तर अख्खी बस्ती आत येईल. मग बाग कशाला केली आपण?" आणि हळूच, आपल्या माणसाला सांगावं तसं, "तू ये की. तू आमचाच आहेस. बाईंना मात्र आणत जाऊ नकोस. एक आली की दहा येतात."

मी "हौ साहेब" म्हणलं. हातात झाडू तसाच होता.

परत सडकेनंच निघालो. घराजवळ आल्यावर सुबद्रा म्हणली, "घरी तर कधी नाचला नाहीत."

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

"मोर हो," वकीलसाहेब म्हणले.

"नाही होत."

"का रे? पिसं गळाली का?"

सगळे हसले. त्यांना मी लागतच नव्हतो हसायला. हे एवढ्या वर्षांनी कळलं मला.

मोठी कात्री घेतली आणि फाटकावर गेलो. वेल वरून खालपर्यंत छाटली. हाताची साल निघाली. माझेच काटे, कुणाला शिव्या देऊ? पलीकडं आमचं मागचं दार दिसायला लागलं. दारात सुबद्रा उभी.

साहेब मागं आले. "काय करतोयस? सगळं उघडं दिसायलंय तिकडचं."

"हौ. ते माझं घर आहे. फाटक उघडा."

पहिल्यांदा "साहेब" म्हणलो नाही. ते त्यांना कात्रीपेक्षा जास्त लागलं.

कुलूप अजून आहे. मला कामावरून काढायचं म्हणून कमिटी बसायलीय. बसू दे. तोवर बस्तीतल्या बायांना घेऊन रोज सकाळी फाटकावर उभा राहतो. एक आली की दहा येतात, साहेबांचं एवढं खरं निघालं.

छाटलेली बोगनवेल पुन्हा फुटायलीय. लई चिवट जात. फुटू दे. कात्री बागेची होती, ती जमा केली. दुसरी घेतलीय.

ती माझी आहे.