माझ्यासमोर सगळं बरं असतं

मी पनवेलला यायला निघालो त्या सकाळी आई एस.टी. स्टँडवर सगळ्या जगावर करवादत होती. गाडी वेळेवर लागत नाही म्हणून कंट्रोलरवर, चपलेचा अंगठा तुटला म्हणून चांभारावर, आणि धाकटा दत्तू लाडवांचा डबा घरीच विसरून आला म्हणून दत्तूवर. बाकड्यावरच्या अनोळखी बाईला ती सांगत होती, "नुस्ता वात आणलाय ह्या दोघांनी." ती बाईही मग आपल्या सुनेचं सांगायला लागली. गाडी लागली. मी खिडकीशी बसलो, कोपर बाहेर काढून. आई खालून ओरडली, "हात आत घे मुडद्या, अक्कल कदी यायची तुला?" गाडीभर लोक माझ्याकडे बघून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने मला घातलेली ती शेवटची शिवी. तेव्हा कळलं असतं तर दुसरं कोपरही बाहेर काढलं असतं.

आमचं गाव माणदेशातलं. तिथे त्रासाचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला आपापला शब्द आहे. उन्हाने जीव कावतो, रोजच्या पिठल्याचा वीट येतो, पोरं वात आणतात, तलाठी काव आणतो. आई यातला शब्द कधी चुकवायची नाही. दिवसभर तिचं तोंड चालू. पण दारात पाहुणा आला की सगळं बंद. पाहुण्याला फुलाफुलांची कपबशी, बसायला घोंगडीवर चादर, आणि कसं चाललंय असं विचारलं तर उत्तर एकच, "बरं चाललंय." मी लहान असताना आत्याच्या यजमानांना सांगून बसलो होतो की विहीर आटली. पाहुणे बसले होते तोवर आई हसत होती आणि चादरीखालून माझ्या मांडीला चिमटा काढत होती. पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा.

पनवेलला मी एका प्लंबरच्या हाताखाली लागलो. पुढे नळ-पाइपांचं स्वतःचं दुकान टाकलं. कुणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जिकडे भाताची शेतं होती तिकडे बिल्डिंगा उठत होत्या, आणि नव्या बिल्डिंगीत नवे नळ गळत होते. पाणी नको त्या वेळी यायचं, लाइट हवी त्या वेळी जायची. लोक माझ्या काउंटरवर वॉशर घ्यायला यायचे आणि आधी मन मोकळं करायचे. मुंबईहून राहायला आलेले साहेबलोक म्हणायचे, फार टेन्शन आहे हो, नुसतं बोअर झालंय. मोहल्ल्यातले एक कंत्राटदार म्हणायचे, शेठ, दिमाग का दही हो गया. जवळच्या नेरे गावचे शेतकरी यायचे ते दारातूनच, "डोका फिरला, शेट. पानी नाय." मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो, कारण चिडलेला माणूस घासाघीस नीट करत नाही. त्याचं बोलून झालं की मी भाव सांगायचो. माझं दुकान अशा वैतागावर उभं राहिलंय आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

दिवाळीला गावी गेलो. आईने ओवाळलं, बसायला चादर टाकली आणि चहा आणला तो फुलाफुलांच्या कपबशीत. दत्तू पलीकडे रोजच्या, चेपलेल्या जर्मनच्या पेल्यातून फुरके मारत होता. मी विचारलं, कसं चाललंय? आई म्हणाली, "बरं चाललंय."

ती मागीलदारी गेल्यावर मात्र तिचं सुरू झालेलं मला ऐकू आलं. रहाट खरवडतो, दोर कुजलाय, कंबर धरलीय, हा मुडदा दत्तू सांगून ऐकत नाही. दत्तू शेणाच्या पाट्या टाकत "हूं, हूं" करत होता. कपबशी हातात धरून मी आतल्या आत जळत होतो. तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत त्यांना हे जळणं ठाऊक असेल. मागे राहिलेला भाऊ म्हणतो, तुझी मजा आहे, तू सुटलास. मी सुटलो? मला घरातून पाहुण्यांत टाकलं होतं, आणि ते करताना कुणी मला विचारलं नव्हतं.

मी गप्प बसणारा नाही. पुढच्या खेपेला पंप आणि पाइप घेऊन गेलो, स्वतः विहिरीत उतरून बसवला. आईने साऱ्या गल्लीला पंप दाखवला. त्यानंतर माझ्यासमोर तिचं "बरं चाललंय" आणखीनच पक्कं झालं.

मग मी तिला पनवेलला आणली. दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या. म्हटलं, इथले त्रास पाहून तिचं तोंड उघडल्याशिवाय राहायचं नाही. पनवेलचे डास दगडालाही बोलायला लावतील. पण ती खुर्चीच्या कडेवर पदर सावरून बसायची. डास? "हायेत, चालायचंच." पाण्याला औषधाचा वास? "ग्वाड हाय की." माझी बायको सुनंदा म्हणायची, किती समजूतदार आहेत हो सासूबाई. मी चरफडायचो.

एका दुपारी पाना आणायला वर निघालो तर जिन्यात आईचा आवाज. नेऱ्याहून टोपली घेऊन येणारी हिराबाई वरच्या पायरीवर बसली होती आणि आई उंबऱ्यात बसून तिला सांगत होती. डासांनी अंगाची चाळण केलीय, पाणी तोंडात धरवत नाही, खाली सारखी ठोकाठोक, जीव कावलाय बघ. हिराबाई म्हणाली, "काय करशील गं आय. आमी पन असंच काढलं." दोघी कशा ऐसपैस बसल्या होत्या!

माझं डोकं सटकलं. दोन पायऱ्या एकदम चढून वर गेलो. "भाजीवालीला सांगतीस, आन् मला न्हाय? मी कोण हाय तुझा?"

हिराबाईने टोपली उचलली आणि निघून गेली. आईने उठून पदर खोचला. मग म्हणाली, "तुला सांगून काय उपेग? तुला सांगितलं की तू हत्यारं घिऊन उठतोस. हिरीवर जरा चिडले, तर तू पंप बसवलास. आता मी चिडू कशावर? दत्तू बघ, काय करत न्हाय. नुस्तं हूं म्हणतो. बरं वाटतं."

हे मला आजही पटलेलं नाही. नळ गळतोय असं कुणी म्हणालं तर उठायचं नाही? काही न करणं हा दत्तूचा जन्मजात गुण, आणि वाहवा त्याची. पण मी धंदेवाला आहे. समोरच्याचा भाव कळला की सौदा कसा करायचा ते मला समजतं.

"बरं," मी म्हटलं. "मी जागचा हलणार न्हाय. तू बोल."

"हलशील."

"न्हाय हलणार."

"बघ हं," ती म्हणाली आणि आत जाऊन पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसली. मी समोर स्टूल ओढलं.

डासांपासून सुरुवात झाली. पलीकडच्या गल्लीत मच्छरदाण्यांचं दुकान होतं आणि मालक माझ्या ओळखीचा होता, पण मी स्टूल घट्ट धरून बसलो. मग पाणी. मग सुनंदाचा पांचट चहा. खालून गिऱ्हाईक हाका मारत होतं, मी ओ दिली नाही. मग माझी पाळी आली. भाव करताना मी बैलासारखा डुरकतो, अंगाला गंजाचा वास मारतो, सणालाही दाढी करत नाही. मी हूं म्हणत होतो. इतका हलका मी पनवेलला आल्यापासून झालो नव्हतो. तुमचं घर कुठलं, गावचं की पनवेलचं, असं कुणी विचारलं तर मला ते स्टूल आठवतं.

आणि उन्हं उतरल्यावर ती दत्तूवर आली. पुष्कळ बोलली. दत्तू, तू हे वाचशील म्हणून सांगतो, तुझ्याबद्दल ती काय म्हणाली ते तुला कधीही कळणार नाही. ते तिने मला सांगितलंय.